झोटवाड्याचे आजोबा आणि अक्रोडाएवढी ग्रंथी

जयपूरच्या वायव्येला झोटवाडा आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहतीतील कारखाने, दुसऱ्या बाजूला कालवाड रोडवरची दुकाने आणि मध्ये कामगारांनी आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेली दुमजली घरे. अशाच एका घरात चार दशकांपूर्वी विदर्भातून आलेले एक मराठी आजोबा राहतात. वय ७२. सारी हयात लेथ मशीनवर गेली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक त्यांच्या बोटांना कळते, अशी कारखान्यात त्यांची ख्याती होती. निवृत्तीला बारा वर्षे झाली, तरी त्यांचा मायक्रोमीटर अजून कपाटात तेलाचा हात फिरवून ठेवलेला असतो.

या माणसाने गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या शरीरातील एका गोष्टीचे माप मात्र कधी घेतले नव्हते. रात्री चार-पाच वेळा उठावे लागत असे. लघवीची धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागे आणि होऊन गेल्यावरही काही राहिल्यासारखे वाटे. त्यांनी यावर स्वतःच उपाय शोधला होता, तो म्हणजे पाणी कमी पिणे. जयपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकत असताना, ते दिवसभरात जेमतेम चार पेले पाणी पीत. आजींना वाटे, उन्हाने भूक-तहान मेली असेल.

२०२४ च्या जानेवारीत संक्रांत आली. जयपूरची संक्रांत छतावर साजरी होते. पहाटेपासून पतंग आणि प्रत्येक गच्चीवरून ‘वो काटा’चा गजर. आजोबा नातवंडांबरोबर दिवसभर वाऱ्यात उभे राहिले आणि त्यांना सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस घेतल्या. दुसऱ्या रात्री दोन वाजता ते उठले आणि लघवी होईना. तीन वाजले, चार वाजले. ओटीपोट दगडासारखे घट्ट झाले, कपाळावर घाम आला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या माणसाला पाहून आजींनी मुलाला हाक मारली.

रुग्णालयात मूत्रमार्गातून नळी घालण्यात आली. पिशवीत ८०० मिलिलिटरहून अधिक लघवी जमा झाली. एरवी ४०० मिलिलिटरच्या आसपास भरले की मूत्राशय जोराची हाक देते. येथे त्याच्या दुपटीने भरलेला फुगा तासन्‌तास ताणला गेला होता.

सकाळी शेजारी भेटायला आले. एकाने समजूतदारपणे मान हलवली, “गदूद बढ़ गई होगी. सबको होता है.” उत्तर भारतात या ग्रंथीला बोलीत गदूद म्हणतात. आजी मात्र आजोबांकडे बघत होत्या. “अहो, तीन वर्षं झाली म्हणता. एकदा तरी बोलायचं होतं.” आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले, “त्यात काय सांगायचं? वय झालं, एवढंच.”

योगायोग असा की, त्याच आठवड्यात, १७ जानेवारी २०२४ रोजी, लंडनच्या राजवाड्याने राजे चार्ल्स यांच्यावर प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी उपचार होणार असल्याचे जाहीर केले. ही वाढ कर्करोगाची नव्हती. राजघराणी अशा गोष्टी सहसा सांगत नाहीत. त्या दिवशी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या विकाराची माहिती वाचणाऱ्यांची संख्या आदल्या दिवसाच्या दहापटीहून अधिक झाली. म्हणजे वाचू इच्छिणारे लोक होतेच. कुणीतरी आधी बोलण्याची ते वाट पाहत होते.

ही ग्रंथी आहे तरी काय? मूत्राशयाच्या तोंडाशी, गुदाशयाच्या पुढे, अक्रोडाएवढी एक ग्रंथी पुरुषाच्या शरीरात असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम भरते. वीर्यातील द्रवाचा सुमारे पाव भाग ती तयार करते. त्या द्रवात जस्त आणि सायट्रेट यांचे प्रमाण मोठे असते, तसेच ‘पीएसए’ नावाचे एक विकरही असते. स्खलनानंतर घट्ट झालेले वीर्य पुन्हा पातळ करून शुक्रपेशींना वाट मोकळी करून देणे, हे या विकराचे काम. प्रजननाच्या दृष्टीने ही ग्रंथी उपयुक्तच आहे. अडचण आहे ती तिच्या जागेची. मूत्रमार्ग तिच्या बाजूने जात नाही, तिच्या मधून जातो. मण्यातून दोरा ओवावा तसा.

मराठी विश्वकोशाने तिला ‘अष्ठीला ग्रंथि’ म्हटले आहे. अष्ठीला म्हणजे गोल, गुळगुळीत दगड. हा शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, प्रकारांमध्ये ‘वाताष्ठीला’ येते. त्यात मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्या दरम्यान दगडासारखी घट्ट गाठ आणि अडलेली लघवी यांचे वर्णन आहे. आजच्या अर्थाने ग्रंथीची रचना त्या काळी ज्ञात होती, असे यावरून म्हणता येत नाही. अडथळा कोठे आहे, हे मात्र वैद्यांच्या बोटांना कळले होते.

शरीरातील बहुतेक अवयव वयानुसार थोडेफार आक्रसतात. ही ग्रंथी मात्र चाळिशीनंतर पुन्हा वाढू लागते. शवविच्छेदनाच्या अभ्यासांनुसार पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये आणि ऐंशीच्या पुढे दहापैकी आठांहून अधिक जणांमध्ये या सौम्य वाढीच्या खुणा सापडतात. तेव्हा ‘सबको होता है’ हे शेजाऱ्याचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. पण सर्वांना होते म्हणून ते सोसलेच पाहिजे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

वाढीमागचे एक महत्त्वाचे कारण कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या काही खेड्यांत उलगडले. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील काही कुटुंबांतील एका जन्मजात उणिवेचे वर्णन प्रसिद्ध केले. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात रूपांतर करणारे विकर या व्यक्तींमध्ये नीट काम करत नव्हते. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी आयुष्यभर लहानच राही. ग्रंथीची वाढ या दुसऱ्या संप्रेरकावर पोसली जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. ते विकर रोखणारे फिनॅस्टेराइड हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता पावून वापरात आले.

आता अडथळ्याचे भौतिकशास्त्र. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील प्वाझ्यी या वैद्याने अरुंद नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवांचा अभ्यास केला. त्याचा नियम सांगतो की, इतर सर्व गोष्टी कायम असतील तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या १६ टक्क्यांनी घटली की प्रवाह जवळजवळ निम्मा होतो. २० टक्क्यांनी घटली तर ४१ टक्केच उरतो. मूत्रमार्ग ही काही ताठ भिंतींची काचेची नळी नव्हे. ती लवचीक आहे, तिच्याभोवती स्नायू आहेत, म्हणून हा नियम तेथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही मुद्दा खरा उरतो, की अरुंद वाटेत थोडासा फरक फार मोठा ठरतो. याचमुळे थोडासा सैलपणाही फार मोठा दिलासा देतो.

प्रवाह कमी होऊ लागला की मूत्राशय हार मानत नाही. ते अधिक दाब निर्माण करते. व्यायाम करणाऱ्याच्या दंडासारखा त्याचा स्नायू जाड होतो. काही वर्षे धार जेमतेम टिकते, आणि त्यामुळेच माणसाला वाटते, ‘चालले आहे की.’ पण जाड झालेले मूत्राशय चिडखोरही होते. थोडे भरले तरी हाक देते. म्हणून रात्रीची उठबस वाढते. पुढे स्नायू थकतो. प्रत्येक वेळी तळाशी काही लघवी उरते, तीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि फार दुर्लक्ष झाले तर मागे साचलेला दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. आजोबांनी कमी केलेल्या पाण्याने यातील काहीच थांबले नव्हते. लघवी दाट होऊन जळजळ आणि खड्यांची शक्यता तेवढी वाढली होती.

मग त्या रात्री अचानक काय झाले? ग्रंथी दोन दिवसांत वाढत नाही. उत्तर सर्दीच्या गोळीत होते. अडथळ्याचे दोन घटक असतात. एक ग्रंथीचा आकार. दुसरा, ग्रंथी आणि मूत्राशयाची मान यांतील स्नायूंचा ताण. हा ताण ‘अल्फा’ नावाच्या ग्राहींमार्फत नियंत्रित होतो. नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिनसारखे औषध नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करते, ते याच ग्राहींवर काम करून. नाक मोकळे झाले, पण त्याच औषधाने मूत्राशयाची मान आवळली. गोळीतील दुसरा घटक, क्लोरफेनिरामीन, नाकाचे पाणी थांबवतो. तोच मूत्राशयाच्या स्नायूची आकुंचनाची ताकदही कमी करतो. दार घट्ट झाले आणि ढकलणारा हात दुबळा पडला, दोन्ही एकाच गोळीने. चिठ्ठीविना मिळणाऱ्या या गोळ्या बहुतेकांना निरुपद्रवी आहेत. ज्याची धार आधीच बारीक आहे, त्याने मात्र ती गोष्ट दुकानदाराला किंवा डॉक्टरांना सांगूनच गोळी घ्यायला हवी. हे सांगण्यासाठी आधी ती बोलण्याजोगी गोष्ट वाटली पाहिजे.

रुग्णालयातील दुसरा धक्का कागदावर आला. रक्ताच्या तपासणीत पीएसए १४ आले होते. अहवालावर छापलेली मर्यादा होती ४. मुलाने मोबाइलवर शोध घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण त्या दिवशी कुणी जेवलेही नाही.

तपासणाऱ्या शल्यविशारदांनी त्यांना बसवून समजावले. पीएसए ही कर्करोगाची खूण नाही, ती प्रोस्टेटची खूण आहे. ग्रंथी मोठी असेल, तिला संसर्ग झाला असेल, लघवी तुंबली असेल किंवा नळी नुकतीच घातली असेल, तरीही हे विकर रक्तात अधिक झिरपते. अशा प्रसंगानंतर आकडा खाली यायला काही आठवडे द्यावे लागतात. उलट बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांच्या ग्रंथीचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये कर्करोग आढळला. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ४ ही सीमारेषा खरे तर रेषा नाहीच. तिच्या दोन्ही बाजूंना शक्यताच आहेत, कमी किंवा जास्त.

सहा आठवड्यांनी आजोबांचे पीएसए ४.८ आले. एमआरआयमध्ये संशयास्पद काही दिसले नाही. ग्रंथीचे आकारमान ६० मिलिलिटर होते. डॉक्टरांनी पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले. उत्तर आले ०.०८. मोठी ग्रंथी साहजिकच अधिक पीएसए सोडते, म्हणून आकारमानाच्या तुलनेत तो किती आहे हे पाहतात, ०.१५ च्या खाली संशय कमी धरला जातो. आयुष्यभर मापांवर जगलेल्या आजोबांना हा भागाकार लगेच पटला. नुसता आकडा काही सांगत नाही, तो कशाच्या तुलनेत आहे ते पाहावे लागते. कारखान्यात नव्या पोरांना ते हेच शिकवत असत.

त्यानंतर त्यांना एक तक्ता मिळाला. किती प्यायलो, केव्हा प्यायलो, किती वेळा आणि किती लघवी झाली याची तीन दिवसांची नोंद. आजोबांनी मोजपात्र आणले, वहीत पट्टीने रेघा मारल्या आणि लेथवरच्या कामाच्या नेमकेपणाने रकाने भरले. तक्त्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. दिवसभर ते जवळजवळ कोरडे राहत, आणि रात्री नऊनंतर दोन कप चहा घेत. याच्या जोडीला डॉक्टरांनी सात प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. ही जगभर वापरली जाते. शून्य ते ३५ गुण. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. आजोबांचे गुण होते २३. प्रवाहमापक यंत्रावर धारेचा कमाल वेग सेकंदाला ७ मिलिलिटर निघाला. साधारणपणे १५ च्या वर समाधानकारक, १० च्या खाली अडथळ्याची शंका. अर्थात धार मंद असण्याचे कारण थकलेले मूत्राशयही असू शकते, म्हणून एकट्या या आकड्यावरही निर्णय होत नाही.

उपचार दोन्ही घटकांवर सुरू झाले. टॅम्सुलोसिन हे औषध अल्फा ग्राहींना अडवून स्नायू सैल करते. त्याचा गुण काही दिवसांतच दिसतो. त्याच्या आधाराने नळी काढता आली. फिनॅस्टेराइड ग्रंथीचा आकार कमी करते, पण सावकाश. सहा महिने लागतात आणि आकारमान सुमारे पाव भागाने घटते. पहिल्या औषधाने उठताना चक्कर येऊ शकते, दुसऱ्याने काहींची कामेच्छा मंदावते. या गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. फिनॅस्टेराइडमुळे पीएसएचा आकडा वर्षभरात निम्म्यावर येतो. वर्षानंतर आजोबांचा अहवाल २.४ आला, तेव्हा डॉक्टरांनी तो दुप्पट करून वाचला. औषध चालू आहे हे न सांगता दुसरीकडे तपासणी केली असती, तर तो आकडा फसवा ठरला असता.

औषधे पुरली नाहीत तर शस्त्रक्रिया आहे. मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून, विजेच्या तारेच्या कडीने वाढलेला भाग आतून खरवडून काढतात. अलीकडे होल्मियम लेझरही वापरतात. त्याची तरंगलांबी २.१ मायक्रोमीटरच्या आसपास असते. हा प्रकाश पाण्यात फार लवकर शोषला जातो, त्यामुळे तो ऊतीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातो आणि शस्त्राची धार जेथे लागावी तेथेच लागते. ‘ऑपरेशननंतर पुरुषत्व जाते’ ही भीती झोटवाड्यातही आहे आणि पुण्यातही. वस्तुस्थिती अशी की, या शस्त्रक्रियेनंतर लैंगिक ताठरता बहुतेकांची टिकते. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे मात्र पुष्कळदा घडते. त्याने आरोग्याला अपाय होत नाही, पण मूल हवे असणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे. आणखी एक गोष्ट. खरवडून काढतात तो आतला भाग. ग्रंथीचा बाहेरचा थर मागे राहतो. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर कर्करोगाची शक्यता संपली, असे समजू नये.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. प्रोस्टेटचे नेहमी आढळणारे विकार तीन, आणि ते एकमेकांच्या पायऱ्या नव्हेत. सौम्य वाढ ग्रंथीच्या आतल्या, मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होते. कर्करोग बहुधा बाहेरच्या थरात, गुदाशयाच्या बाजूला सुरू होतो. सौम्य वाढीचे रूपांतर कर्करोगात होत नाही. तिसरा विकार म्हणजे ग्रंथीचा दाह. तो तरुणांनाही होतो. जंतुसंसर्गाने थंडी वाजून ताप, जळजळ आणि ओटीपोटात वेदना असतील तर त्याच दिवशी उपचार हवेत. काहींमध्ये मात्र जंतू सापडत नाहीत आणि कटिभागातील दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते.

कर्करोग बाहेरच्या थरात असल्यामुळे तो सुरुवातीला मूत्रमार्ग दाबत नाही, आणि म्हणून पुष्कळदा बोलतही नाही. आजोबांच्या गल्लीतच याची दुसरी कहाणी घडली. तिसऱ्या घरातले बाबूजी, वय ६८, वर्षभर कंबरदुखीने त्रस्त होते. तेलाने मालीश झाले, पट्टा झाला, वेदनाशामक गोळ्या झाल्या. लघवीची मोठी तक्रार नव्हती. शेवटी निदान झाले ते हाडांपर्यंत पोचलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचे. पीएसए शेकड्यांत होते. प्रत्येक कंबरदुखीमागे कर्करोग नसतो, फार क्वचित असतो. पण वयस्क पुरुषाची न थांबणारी, रात्री झोपमोड करणारी हाडांची वेदना नुसत्या मालीशावर सोडू नये, एवढे तरी त्यातून शिकता येते.

त्यांच्यावरील उपचारांची मुळे १९४१ पर्यंत जातात. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की, पुरुषसंप्रेरकाचा पुरवठा तोडला की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही माघार घेतो. या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज हेच इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी साधतात. त्यापुढचा टप्पा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा असा आहे. प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर ‘पीएसएमए’ नावाचे प्रथिन विपुल असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडून शिरेतून देतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे साडेसहा दिवसांचे. त्यातून निघणारे बीटा कण ऊतीत दोनएक मिलिमीटरपर्यंतच जातात, म्हणजे मारा गाठीपुरता राहतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३१ रुग्णांच्या चाचणीत या उपचाराने मध्यमान आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर नेले. हा रोग बरा करणारा उपचार नव्हे, पण इतर औषधे थकल्यानंतर मिळालेले ते चार महिने आहेत. ल्युटेशियम-१७७ भारतातही तयार होते, मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टीत.

मुंबईचे आणखी एक योगदान येथे नोंदवले पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी धोक्याची पातळी मोठी असलेल्या, पण दूर न पसरलेल्या कर्करोगाच्या २२४ रुग्णांवर एक चाचणी केली. अर्ध्यांना केवळ ग्रंथीवर आणि अर्ध्यांना ग्रंथीसह कटिभागातील लसिकाग्रंथींवरही किरणोपचार दिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९५ टक्के होते, पहिल्यात ८१ टक्के. एकूण आयुर्मानातील फरक तोपर्यंत दिसला नव्हता, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे मांडले.

मग सर्वच पुरुषांनी दरवर्षी पीएसए तपासावे का? १९७० मध्ये प्रोस्टेटच्या प्रतिजनाचे वर्णन करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच पुढे या सरसकट चाळणीवर कडाडून टीका केली. कारण प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके संथ असतात की ते माणसाबरोबर म्हातारे होतात आणि त्याला मारत नाहीत. ते शोधून काढले की अनावश्यक उपचार होतात आणि त्यातून लघवीवरील ताबा जाणे, नपुंसकता असे परिणाम पदरी पडतात. दुसऱ्या बाजूला युरोपातील सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांच्या चाचणीचे २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीस बोलावलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. ब्रिटनमधील एका चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्यांची शस्त्रक्रिया करा, किरणोपचार करा वा केवळ बारीक लक्ष ठेवा, पंधरा वर्षांनंतर त्या रोगाने न दगावलेल्यांचे प्रमाण सर्व गटांत ९७ टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणून आजचा विवेकी सल्ला असा की, पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भावाला हा रोग झाला असेल तर त्याआधीच, डॉक्टरांशी बोलून, फायदे-तोटे समजून घेऊन निर्णय करावा. ज्याला त्रास आहे त्याची तपासणी ही चाळणी नव्हे. ती व्हायलाच हवी.

भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. २०२२ मध्ये देशात सुमारे ३८ हजार नवे रुग्ण असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. पण आयुर्मान वाढते आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातील वार्षिक रुग्णसंख्या २०२० मधील १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल, आणि ही वाढ मोठ्या प्रमाणात आपल्यासारख्या देशांत होईल. त्यातले कितीजण बाबूजींसारखे उशिरा पोचतील, हे औषधांइतकेच घरात होणाऱ्या बोलण्यावर अवलंबून आहे.

कोणत्या गोष्टी बोलल्या पाहिजेत, त्यांची यादी लहान आहे. रात्री दोनपेक्षा अधिक वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे, थांबून थांबून होणे, जोर करावा लागणे, काही राहिल्यासारखे वाटणे. लघवीत रक्त दिसणे. ताप आणि जळजळ. आणि लघवी पूर्ण अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय.

आजोबांचे गुण वर्षभरात २३ वरून ९ वर आले. धार १२ मिलिलिटरवर गेली. रात्रीची उठबस एकावर आली, संध्याकाळचा चहा सहा वाजता होऊ लागला आणि दिवसा पाण्याची बाटली टेबलावर दिसू लागली. वही त्यांनी अजून बंद केलेली नाही. ती मायक्रोमीटरशेजारी कपाटात असते.

पुढच्या संक्रांतीला गच्चीवर पुन्हा पतंग होते. शेजारच्या छतावरचे एक साठीचे गृहस्थ शिंकत होते. मांजा सोडता सोडता त्यांनी नातवाला खाली पिटाळले, सर्दीची गोळी आणायला. आजोबांनी आपली फिरकी नातवाच्या हाती दिली, कठड्यापाशी गेले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले,

“भाईसाहब, गोली बाद में. पहले ये बताइए, रात को कितनी बार उठते हैं?”